सिंहगडची रात्र पडद्यावर

तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढून गेले त्या रात्री तेथे उजेड किती होता? इतिहासाच्या तासाला हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पण त्या लढाईवर चित्रपट काढायला निघालेल्या माणसापुढे तो पहिल्याच दिवशी उभा राहतो. या प्रसंगाची तिथी माघ वद्य नवमी, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० अशी दिली जाते. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, आणि तोही अर्ध्याहून थोडा कमीच असतो. म्हणजे निम्मी रात्र नुसत्या ताऱ्यांच्या उजेडाची. शिवाय ज्याला आज तानाजीचा कडा म्हणतात तो गडाच्या पश्चिम अंगाला आहे आणि चंद्र येणार पूर्वेकडून; तेव्हा चंद्र वर आल्यावरही बराच वेळ तो कडा गडाच्याच सावलीत राहणार. मावळ्यांच्या दृष्टीने हे सोयीचेच झाले. कॅमेऱ्याला मात्र अशा ठिकाणी काहीही दिसत नाही.

जे घडले ते जसेच्या तसे टिपता येत नाही आणि दाखवायचे तर आहे, अशा या पेचातून ज्या युक्त्या निघाल्या त्यांना आपल्याकडचे जुने प्रेक्षक ‘ट्रिक सीन’ म्हणत. आजची वर्तमानपत्रे त्यांना ‘व्हीएफएक्स’ म्हणतात. नाव बदलले, यंत्रे बदलली, पेच तोच आहे. प्रस्तुत लेखात या युक्त्यांमागचे शास्त्र समजावून घ्यावयाचे आहे आणि उदाहरण म्हणून मुद्दाम ही एकच रात्र निवडली आहे. कारण ती पडद्यावर निदान चार वेळा आली : १९२३, १९३३, २०२० आणि २०२३ साली. चारांपैकी पहिली खेप तर आपल्या शेजारची. निपाणीहून चाळीस किलोमीटरवर असलेल्या कोल्हापुरात ती घडली.

त्याच्याही आधी दादासाहेब फाळके यांचे नाव घेतले पाहिजे. फाळके काही काळ जादूचे प्रयोग करीत आणि त्यासाठी त्यांनी आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव घेतले होते. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) या त्यांच्या चित्रपटांतील चमत्कार हे त्याच हाताचे काम. त्या काळची मुख्य युक्ती समजायला सोपी आहे. भिंगापुढे काळा पुठ्ठा धरून चौकटीचा अर्धा भाग झाकायचा आणि उरलेल्या अर्ध्या भागात एक दृश्य घ्यायचे. मग फिल्म तितकीच मागे गुंडाळायची, पुठ्ठा दुसऱ्या बाजूला लावायचा आणि त्याच फिल्मवर दुसरे दृश्य घ्यायचे. धुऊन आल्यावर दोन्ही दृश्ये एकाच चौकटीत शेजारी शेजारी दिसतात. यात चूक दुरुस्त करण्याची सोय नाही. दुसऱ्या खेपेला कॅमेरा केसभर हलला की पहिल्या खेपेची मेहनतही गेली. हा काळा पुठ्ठा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे संगणकात हाच पुठ्ठा वेगळ्या रूपात भेटणार आहे.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊंच्या नात्यातले आनंदराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतःच्या हाताने बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी सहकाऱ्यांच्या मदतीने तो कॅमेरा पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. आडनावातले कागल म्हणजे निपाणीहून कोल्हापूरला जाताना वाटेत लागते तेच. बाबूराव मुळात चित्रकार होते आणि ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. प्रसंग चित्रित करण्यापूर्वी ते पात्रांचे पोशाख आणि दृश्ये कागदावर रेखाटीत, आणि रंगवलेल्या पडद्यांऐवजी त्यांनी लांबी-रुंदी-खोली असलेले घनाकार देखावे उभे केले. ‘सैरंध्री’ (१९२०) या पहिल्याच चित्रपटातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की सरकारने ते काढून टाकायला लावले. ट्रिक साधली याचा याहून सरळ पुरावा कोणता असणार!

१९२३ च्या ‘सिंहगड’पाशी आता येऊ. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता आणि त्यात शेलारमामाची भूमिका तरुण शांतारामांनी केली होती. त्या काळी चित्रीकरण सूर्यप्रकाशात चाले. रात्रीचे दृश्य दिवसाच घ्यायचे आणि फिल्मला निळ्या रंगात बुडवून ‘ही रात्र’ असे प्रेक्षकाला सांगायचे, असा जगभरचा रिवाज होता. मशाली पेटवून का भागत नसे, याचे कारण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आवडेल. तेव्हाची प्रचलित फिल्म निळ्या-हिरव्या प्रकाशाला संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. मशालीचा प्रकाश तर तांबूस-पिवळा. डोळ्याला लख्ख दिसणारी मशाल फिल्मला मिणमिणती वाटे. बाबूरावांनी ‘सिंहगड’मधील रात्रीसाठी कृत्रिम प्रकाश योजला आणि भारतीय चित्रपटात असा वापर प्रथम त्यांनीच केला अशी नोंद चित्रपटाच्या इतिहासात आढळते. कड्यावरच्या काळोखाने एका चित्रकाराला दिवे लावायला शिकवले, असे म्हणायला हरकत नाही.

दहा वर्षांनी प्रभात कंपनीने हाच विषय बोलपटात आणला. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम, म्हणजे १९२३ चे शेलारमामा. पुढे भालजी पेंढारकरांनी कोल्हापुरात शिवकालीन चित्रपटांची परंपराच निर्माण केली. ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) आणि ‘पावनखिंड’ (१९५६) ही त्यांतली ठळक नावे. या चित्रपटांतला प्रत्येक मावळा हा भाकरी खाणारा खरा माणूस होता आणि प्रत्येक घोडा चंदी खाणारा खरा घोडा. शंभर माणसे हवी असतील तर शंभर माणसांना पोशाख, मजुरी आणि जेवण. त्यामुळे पडद्यावरच्या सैन्याचा आकार इतिहासापेक्षा निर्मात्याच्या तिजोरीवर ठरे. १९८२ च्या ‘गांधी’ या चित्रपटातील अंत्ययात्रेसाठी दिल्लीत सुमारे तीन लाख माणसे जमली होती. पण असा योग शतकातून एखादा.

संगणकाने नेमका कोठे फरक केला ते आता पाहू.

संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. आजच्या चित्रपटगृहातील साध्या प्रतीची एक चौकट २०४८ × १०८० ठिपक्यांची, म्हणजे सुमारे २२ लाख ठिपक्यांची असते. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल या दोघांनी या तिघांच्या जोडीला एक चौथा आकडा बसवला. त्याला ‘अल्फा’ म्हणतात. हा ठिपका किती झाकणारा आणि किती पारदर्शक, हे तो आकडा सांगतो. अल्फा १ असेल तर पुढचे चित्र पूर्ण दिसते, ० असेल तर मागचे. मधला असेल तर पुढच्या रंगाला अल्फाने गुणायचे, मागच्या रंगाला (१ – अल्फा) ने गुणायचे आणि बेरीज करायची. फाळक्यांचा काळा पुठ्ठा तो हाच! फरक इतकाच की पुठ्ठा झाकतो किंवा झाकत नाही. अल्फा मात्र पाव भाग, निमभाग झाकू शकतो. मावळ्याच्या भुरभुरणाऱ्या केसांमागे, मशालीच्या धुरामागे दुसरे दृश्य बसवायचे तर हा ‘निमभाग’ नसेल तर काही चालत नाही. चित्रांवर चित्रे बसवण्याच्या या कामाला कंपोझिटिंग म्हणतात आणि उरलेले सारे या एका बेरजेभोवती फिरते.

अल्फा मिळवायचा कसा? नटाला एकरंगी पडद्यापुढे उभा करायचे आणि संगणकाला सांगायचे की हा रंग जेथे असेल तेथे अल्फा शून्य. पडदा हिरवा का, याची दोन कारणे आहेत. माणसाच्या कातडीत हिरवी छटा कमी असते; आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या आत हिरवा रंग टिपणारे बिंदू तांबड्या किंवा निळ्या बिंदूंच्या दुप्पट असतात, म्हणून हिरव्याची कडा अधिक स्वच्छ निघते. मात्र आपल्या ऐतिहासिक चित्रपटांत हिरवे शालू असतात, हिरवी निशाणे असतात; हिरव्या पडद्यापुढे ती सारी अदृश्य व्हायची! अशा वेळी निळा पडदा लावतात. रात्रीच्या दृश्याला तर निळाच बरा पडतो. पडद्याचा रंग परावर्तित होऊन नटाच्या खांद्यावर, तलवारीच्या पात्यावर थोडा सांडतोच. हिरवा सांडला तर माणूस आजारी दिसतो, निळा सांडला तर चांदण्यात उभा असल्यासारखा दिसतो. तलवार आणि चिलखत ही या कामातली मोठी डोकेदुखी आहे. गुळगुळीत पाते म्हणजे आरसाच, त्यात अख्खा पडदा उमटतो.

जेथे पडदा लावता येत नाही तेथे माणसाची बाह्यरेषा चौकटीचौकटीने हाताने काढावी लागते. हिला रोटोस्कोपिंग म्हणतात. मॅक्स फ्लायशर या अमेरिकन व्यंगपटकाराच्या नावावर तिचे १९१७ चे पेटंट आहे. सेकंदाला चोवीस चौकटी. तीन सेकंद धावणाऱ्या एका मावळ्यासाठी बहात्तर रेखाटने. काम कंटाळवाणे, पण त्याशिवाय इमारत उभी राहत नाही.

आता स्थळाचा प्रश्न. एखादा म्हणेल, सिंहगड तर जागेवरच आहे, तेथे जाऊन चित्रीकरण का करू नये? पुरातत्त्वाच्या दृष्टीने जपलेल्या वास्तूवर आगी लावणे आणि बार उडवणे कोणी होऊ देणार नाही, आणि देऊही नये, हे एक. दुसरे असे की आजचा सिंहगड १६७० चा नाही. माथ्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे, खाली खडकवासल्याच्या धरणाचे पाणी चमकते आणि रात्री पुण्याचे दिवे दिसतात. तेव्हा खरा गड वापरला तरी त्यातला बराचसा भाग पुसावाच लागणार. म्हणून आज उलट पद्धत रूढ झाली आहे. गडाची शेकडो छायाचित्रे निरनिराळ्या कोनांतून घ्यायची. दोन छायाचित्रांत एकच दगड किती सरकलेला दिसतो यावरून त्याचे अंतर काढायचे, आणि अशा लक्षावधी बिंदूंतून कड्याची घनाकृती संगणकात उभी करायची. भूमापनातला त्रिकोणांचा जुना हिशेबच येथे वेगळ्या वेषात आला आहे. मग त्या आकृतीवर चित्रकार पडकी तटबंदी पुन्हा बांधतो, मनोरा पुसतो, जंगल दाट करतो. रिडली स्कॉट यांच्या ‘ग्लॅडिएटर’मध्ये (२००० साल) रोमच्या रंगमंडलाचा खालचा भाग खरोखर बांधला होता आणि वरचे मजले संगणकाचे होते. पाय जेथे टेकतात तेवढे खरे बांधायचे आणि नजर जेथे पोचते ते रंगवायचे, हा हिशेब बाबूराव पेंटरांनाही पटला असता.

२०२० च्या जानेवारीत प्रदर्शित झालेला ओम राऊत यांचा ‘तान्हाजी : द अनसंग वॉरिअर’ हा या पद्धतीचा मोठा नमुना. त्यातील दृश्यपरिणामांची धुरा प्रसाद सुतार आणि त्यांच्या एनवाय व्हीएफएक्सवाला या संस्थेकडे होती. दऱ्या, कडे, गडाचा पसारा यांचा मोठा भाग संगणकाने पुरवलेला आहे आणि चित्रपट त्रिमिती स्वरूपातही दाखवला गेला. अशा चित्रपटात प्रत्येक चौकट डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगळी लागते, म्हणजे मेहनत जवळजवळ दुप्पट. कड्यावर दोरावरून लोंबकळणारी माणसे आणि त्यांच्या खालची दरी पाहताना थिएटरातले लोक खुर्चीचे हात घट्ट धरतात, हे मी पाहिलेले आहे. कारागिरीला येथे पूर्ण गुण दिले पाहिजेत.

पण उजेडाचे काय? काळोख दाखवायचा तर काळोखात काहीतरी दिसले पाहिजे, म्हणून चित्रपटातली रात्र नेहमीच निळसर असते, आणि तो निळा उजेड कोठून येतो हे सांगायचे झाल्यास आकाशात मोठा चंद्र काढतात. वद्य नवमीला पूर्ण चंद्र हे पंचांगाविरुद्ध आहे. तरीही निळ्या उजेडाबद्दल मी तक्रार करणार नाही. तो नसेल तर पडदा काळा राहील. हे गरजेचे खोटे आहे, आणि नाटक-सिनेमाच्या धंद्यात गरजेचे खोटे क्षम्य असते.

गंमत अशी की इतिहासानेच या रात्री एक खरा उजेड ठेवलेला आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत लिहिलेल्या बखरीत या लढाईचे वर्णन आहे. पाचशे माणूस घेऊन तानाजी गडाखाली गेले, आधी दोघा निवडक मावळ्यांना कड्यावरून वर चढवले, मग माळ लावून तीनशे माणूस वर पोचले, आणि गड हाती आल्यावर घोड्यांच्या पागेला आग लावली. तिचा उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असा त्याचा आशय आहे. घोरपडीचा त्यात पत्ता नाही; ती पोवाड्यातून आली. दृश्यपरिणाम करणाऱ्याला याहून चांगली सामग्री कोण देणार? उजेडाचे स्थान, कारण आणि वेळ, तिन्ही ठरलेली. अशी आग आता संगणकात हवेच्या आणि उष्णतेच्या समीकरणांवरून तयार करतात. चित्रीकरणाच्या वेळी नटाच्या बाजूला लुकलुकणारे तांबूस दिवे ठेवतात, म्हणजे चेहऱ्यावर उजेडाची हालचाल खरी उमटते. ज्वाळा मागाहून येतात. हे दिवे विसरले तर ज्वाळा कितीही उत्तम असल्या तरी प्रेक्षकाला काहीतरी बिनसल्यासारखे वाटते, फक्त काय बिनसले ते सांगता येत नाही. आजचे कॅमेरे तर मशालीच्या उजेडातही चित्र घेतात. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात दृश्ये घेण्यासाठी अवकाशसंशोधनासाठी बनलेले भिंग मिळवले होते, आता तितका खटाटोप करावा लागत नाही.

राजगड आणि सिंहगड यांच्यात सरळ रेषेत सुमारे पंधरा किलोमीटर अंतर आहे. आग तेथून दिसणे शक्य आहे. पण ‘तान्हाजी’मध्ये उदयभान एक अजस्र तोफ कोंढाण्यावर आणतो, आणि तिचे तोंड राजगडाकडे आहे असे दाखवले आहे. येथे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी वही काढावी. दोन्ही गडांची उंची जवळपास सारखी. तेव्हा पंचेचाळीस अंशांत उडवलेल्या गोळ्याचा पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण. पंधरा किलोमीटरसाठी वेग येतो सेकंदाला सुमारे ३८५ मीटर. काळ्या दारूच्या तोफेच्या तोंडाशी असा वेग मिळतो, म्हणून गणित सुटले असे वाटेल! पण या सूत्रात हवा धरलेली नाही. गोल गोळ्याला हवेचा विरोध इतका होतो की त्या काळच्या जड तोफेलासुद्धा तीन-चार किलोमीटरच्या पलीकडे जाणे अवघड होते, आणि नेम धरून मारा करण्याचे अंतर त्याहून पुष्कळच कमी. म्हणजे त्या रात्री कोंढाण्याहून राजगडापर्यंत उजेड पोचू शकत होता, गोळा पोचू शकत नव्हता. बखरीत जो उजेड आहे त्यात नाट्य काय कमी होते? ती तोफ हे माझ्या मते हौसेचे खोटे. संगणकाला त्याचा दोष देता येत नाही. तोफ काढ म्हटले की तो तोफ काढतो. पल्ला विचारीत नाही.

हीच गोष्ट गर्दीची. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटमालिकेसाठी न्यूझीलंडच्या स्टीफन रेगेलस यांनी ‘मॅसिव्ह’ नावाची प्रणाली तयार केली. तीत प्रत्येक सैनिकाला थोडेसे नियम देतात : समोर काय दिसते, शेजारी कोण आहे, शत्रू किती अंतरावर आहे, त्याप्रमाणे पुढचे पाऊल. हालचाली खऱ्या माणसांच्या अंगावर खुणा लावून आधी टिपलेल्या असतात. मग दहा हजार सैनिक आपापल्या बुद्धीने लढू लागतात. सुरुवातीच्या एका चाचणीत काही सैनिक रण सोडून पळत सुटले अशी गोष्ट सांगतात. ते भित्रे नव्हते, त्यांना शत्रू दिसला नाही म्हणून ते शोधीत चालले होते! भालजींच्या काळात शंभराचे हजार करणे अशक्य होते. आता एकदा शंभर तयार झाले की हजार करायला फारसे काही लागत नाही, आणि मोह नेमका तेथे आहे. सिंहगडच्या लढाईचा प्राण तीनशे या आकड्यात आहे. आपल्या जवळच्या नेसरीच्या खिंडीचे उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्या प्रसंगावर चित्रपट काढताना खानाची फौज संगणकाने हवी तेवढी वाढवावी. सात घोडे मात्र सातच राहिले पाहिजेत, आणि त्या सातांतला प्रत्येक घोडा ओळखू आला पाहिजे.

घोड्यांच्या बाबतीत संगणकाचे उपकार निःसंशय आहेत. १९३६ च्या ‘चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ या हॉलिवूडच्या चित्रपटात घोडे पडलेले दाखवण्यासाठी त्यांच्या पायांत तारा अडकवल्या होत्या. कित्येक घोडे मेले आणि मोठा गहजब झाला. आपल्याकडे २००१ च्या नियमांनुसार चित्रपटात प्राणी वापरायचा तर नोंदणी आणि परवानगी लागते. पडणारा घोडा आता संगणकाचा असतो. त्याचे स्नायू, आयाळ, उडणारी माती हे सारे हिशेबाने करतात. जाणकार घोडेवाल्याला चूक अजूनही कळते : संगणकाच्या घोड्याला पुष्कळदा वजन नसते, खूर मातीत रुतत नाहीत.

हिशेबाच्या वेळेचाही विचार करा. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी. एखादी भारी चौकट तयार करायला एका यंत्राला एक तास लागला असे धरा. तीन सेकंदांच्या दृश्याला तीन दिवसरात्र. दिग्दर्शकाने ‘धूर थोडा कमी करा’ म्हटले की पुन्हा तीन दिवस. म्हणून शेकडो यंत्रे एकत्र जोडून कामाला लावतात. ज्यांचा पैसा थोडा त्यांना धूर कमी करता येत नाही, इतकाच पुष्कळदा मोठ्या आणि छोट्या चित्रपटातला फरक. दिग्पाल लांजेकर यांनी ‘फर्जंद’ (२०१८) पासून ‘सुभेदार’ (२०२३) पर्यंत मराठीत सलग शिवकालीन चित्रपट केले. ‘सुभेदार’चा विषय पुन्हा हीच सिंहगडची रात्र. मराठी चित्रपटाचा बाजार हिंदीच्या मानाने लहान, आणि त्याची मर्यादा पडद्यावर कोठे कोठे जाणवते. तरी ज्या दृश्यात कॅमेरा दोन-तीन माणसांच्या जवळ राहतो आणि उरलेला गड काळोखावर सोपवतो, ते दृश्य नेहमी उतरते. काळोख फुकट मिळतो.

साधनांविषयी थोडे, कारण विद्यार्थी तेच आधी विचारतात. चित्रे जोडण्यासाठी मोठ्या संस्थांत ‘नूक’ वापरतात, छोट्या कामांना ‘आफ्टर इफेक्ट्स’. घनाकृती आणि हालचालींसाठी ‘माया’. आग, धूर, पाणी, धूळ यांसाठी ‘हुडिनी’. हे शेवटचे नाव एका गाजलेल्या जादूगाराचे. प्रोफेसर केळफांना ते आवडले असते. ही साधने महाग आहेत. पण ‘ब्लेंडर’ हे साधन पूर्णतः मोफत आहे. त्याचे कर्ते टोन रूसेन्डाल यांनी २००२ साली लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून त्याचे हक्क गुंतवणूकदारांकडून सोडवले आणि ते सर्वांना खुले केले. लॅटव्हिया या चिमुकल्या देशातला ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडरमध्ये तयार झाला आणि २०२५ साली त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. रंगसंस्कारासाठी ‘दाविंची रिझॉल्व्ह’चीही मोफत आवृत्ती मिळते. बेळगावातल्या वा निपाणीतल्या विद्यार्थ्याला सुरुवात करायला बरा संगणक आणि चिकाटी एवढे पुरे.

पोटापाण्याच्या प्रश्नावर मात्र गोड बोलून उपयोग नाही. मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई, बंगळूर येथे हजारो तरुण परदेशी चित्रपटांच्या चौकटी कापण्याचे काम करतात. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा जागतिक उद्योगसमूह कोसळला आणि बंगळूर-मुंबईतली हजारो माणसे एकाएकी घरी बसली. शिवाय बाह्यरेषा काढण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली बऱ्यापैकी करू लागल्या आहेत. नुसते साधन चालवता येणाऱ्याचे दिवस कठीण आहेत. चंद्र कोणत्या बाजूने उगवेल, तोफेचा पल्ला किती, शालू कसा चमकतो, घोडा कसा वळतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याची गरज संपलेली दिसत नाही. म्हणून हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागावर सोडू नये असे वाटते.

आपल्या भागात करण्याजोगे पुष्कळ आहे. कित्तूरच्या वाड्याचे आज भग्न अवशेष उरले आहेत. राणी चन्नम्मांवर १९६१ साली बी. आर. पंतुलू यांचा कानडी चित्रपट निघाला, संगोळ्ळी रायण्णांवर २०१२ साली. १८२४ च्या ऑक्टोबरात तो वाडा कसा दिसत असेल हे अवशेषांवरून संगणकात उभे करणे हे कानडी आणि मराठी विभागांना मिळून करता येण्यासारखे काम आहे. त्याहून सोपी सुरुवात बेळगावच्या किल्ल्यापासून करावी. १८१८ साली मन्रोच्या फौजेने त्याला वेढा घातला होता. खंदकाच्या काठावर उभे राहून तटाचे एक छायाचित्र घ्यावे आणि त्यातून विजेचे खांब, तारा, मोटारी काढून १८१८ ची सकाळ उभी करावी. कोणती बांधणी नंतरची ते इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारावे, सूर्य कोठे होता ते भूगोलाच्या. तारा काढायला एक रविवार पुरतो. खंदकात पाणी असेल तर मात्र सावध राहावे. वरच्या तारा गेल्या तरी पाण्यातल्या त्यांच्या प्रतिबिंबाकडे पहिल्या खेपेला कोणाचेच लक्ष जात नाही.